कागदाविना छपाई : पीडीएफ तयार करणारे मोफत आभासी प्रिंटर

संगणकावर तयार केलेली मराठी लग्नपत्रिका घरच्या पडद्यावर नीटनेटकी दिसते. तीच फाइल छापखान्यातील संगणकावर उघडली की वधूवरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग उभी राहते, ओळी तुटतात, चौकट पुढच्या पानावर सरकते. ज्या फाँटमध्ये मजकूर टंकलिखित केला तो फाँट दुसऱ्या संगणकावर नाही, एवढेच त्यामागचे कारण असते. या अडचणीवरचा उपाय म्हणून पीडीएफ हा फाइलप्रकार घरोघरी पोहोचला आणि तो पोहोचवण्याचे बरेचसे श्रेय ‘आभासी प्रिंटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोफत आज्ञावलींना जाते. आज बहुतेक संगणकांत ही सोय आधीपासूनच असते. तरीही ती नेमके काय करते आणि काय करत नाही, हे ठाऊक असणे आवश्यक आहे. कारण पीडीएफमध्ये पान जसेच्या तसे टिकले, तरी त्या पानावरील मराठी मजकूर टिकतोच असे नाही.

आभासी प्रिंटर म्हणजे काय?

संगणकाला जोडलेल्या प्रिंटरांच्या यादीत आभासी प्रिंटरही इतरांसारखाच दिसतो. मात्र त्याला शाई लागत नाही, कागद लागत नाही आणि त्याचे यंत्रही कुठे ठेवलेले नसते. ‘प्रिंट’ची आज्ञा देऊन यादीतून त्याची निवड केली की फाइल कोणत्या नावाने व कुठे साठवायची एवढेच तो विचारतो. काही क्षणांत त्या जागी पीडीएफ फाइल तयार होते. कागदावर जे उमटले असते, तेच तिच्यात उमटलेले असते.

या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. पत्र लिहिण्याची आज्ञावली असो, हिशेबाची असो, चित्रे काढण्याची असो किंवा संकेतस्थळे पाहण्याचा ब्राउझर असो, छपाईची सोय जवळजवळ प्रत्येकीत असते. त्यामुळे ज्या आज्ञावलीला पीडीएफ हा शब्दही माहीत नाही, तिच्याकडूनही पीडीएफ मिळवता येते. मूळ आज्ञावलीत काहीही बदल करावा लागत नाही.

पडद्याआड घडणारा प्रवास असा असतो. आज्ञावली पानावरील प्रत्येक घटक, म्हणजे अक्षरे, रेषा, चित्रे, कुठे व कसा काढायचा याच्या सूचना संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीकडे देते. प्रिंटरचा ‘ड्रायव्हर’ त्या सूचनांचे प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत भाषांतर करतो. तयार झालेले काम ‘स्पूलर’ या रांगेत थांबते आणि तेथून ‘पोर्ट’मार्गे यंत्राकडे जाते. खऱ्या प्रिंटरच्या बाबतीत या पोर्टच्या पलीकडे केबल असते. आभासी प्रिंटरच्या बाबतीत तेथे दुसरी आज्ञावली बसवलेली असते. ती आलेले काम उचलते आणि त्याचे पीडीएफमध्ये रूपांतर करते. विंडोजवर पोर्टचा रस्ता असा वळवण्यासाठी घोस्टगम सॉफ्टवेअरच्या रसेल लँग यांनी लिहिलेली ‘रेडमॉन’ ही छोटी आज्ञावली बराच काळ वापरात होती. अनेक मोफत आभासी प्रिंटर तिच्याच आधारावर किंवा तिच्या धर्तीवर उभे राहिले.

पोस्टस्क्रिप्टकडून पीडीएफकडे

पीडीएफची मुळे छपाईच्याच भाषेत आहेत. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये ॲडोबी ही कंपनी स्थापन केली. तिने पानाचे वर्णन करणारी ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही भाषा तयार केली आणि १९८५ मध्ये ॲपलच्या लेझररायटर या प्रिंटरमधून ती बाजारात पोहोचली. पोस्टस्क्रिप्ट ही संपूर्ण संगणकीय भाषा आहे. तिच्यात अटी घालता येतात, आवर्तने लिहिता येतात. त्यामुळे शंभराव्या पानावर काय आहे हे जाणण्यासाठी आधीची ९९ पाने चालवून पाहावी लागण्याची शक्यता असते.

वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमलॉट’ या नावाने एका प्रकल्पाची मांडणी केली. कोणत्याही आज्ञावलीतून आलेले पान कोणत्याही संगणकावर तसेच दिसावे आणि कोणत्याही प्रिंटरवर तसेच छापले जावे, हा त्यामागचा हेतू होता. यातून १९९३ मध्ये पीडीएफ आणि ॲक्रोबॅट ही आज्ञावली अवतरली. पोस्टस्क्रिप्टमधील आवर्तने व अटी काढून टाकून केवळ त्यांचा परिणाम पीडीएफमध्ये नोंदवला जातो. प्रत्येक पान स्वतंत्र असते आणि लागणारे फाँट फाइलीतच अंतर्भूत करता येतात. लग्नपत्रिकेची अडचण सुटते ती या शेवटच्या सोयीमुळे.

आरंभी पीडीएफ वाचण्याची आज्ञावलीही विकत घ्यावी लागत असे. पुढे ॲडोबीने ती मोफत केली. पीडीएफ तयार करण्याची आज्ञावली मात्र महागच राहिली. २००५ मध्ये आलेल्या ॲक्रोबॅट ७ च्या साध्या आवृत्तीची अमेरिकेतील किंमत २९९ डॉलर होती. तेव्हाच्या विनिमय दराने ती सुमारे १३ हजार रुपये होते. अर्जाची चार पाने पीडीएफ करण्यासाठी एवढा खर्च करणे विद्यार्थी, लहान कार्यालय किंवा गल्लीतील टंकलेखन केंद्र यांना परवडणारे नव्हते. ही पोकळी मोफत आभासी प्रिंटरांनी भरून काढली.

त्यांना तसे करता आले याचे एक कारण ॲडोबीच्याच धोरणात आहे. पीडीएफची तांत्रिक रचना कंपनीने पहिल्यापासून प्रसिद्ध केली होती आणि त्या रचनेनुसार फाइल तयार करण्यास इतरांना मुभा दिली होती. पुढे १ जुलै २००८ रोजी पीडीएफ हे ‘आयएसओ ३२०००’ या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. दीर्घकाळ जतन करण्याच्या कागदपत्रांसाठी ‘पीडीएफ/ए’ हे उपप्रमाण त्याआधीच, २००५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यात सर्व फाँट फाइलीतच असणे सक्तीचे आहे.

पाया घोस्टस्क्रिप्टचा

मोफत आभासी प्रिंटरांची नावे अनेक असली, तरी त्यांपैकी बहुतेकांच्या पोटात एकच यंत्रणा आढळते. तिचे नाव घोस्टस्क्रिप्ट. एल. पीटर डॉइच यांनी लिहिलेली ही आज्ञावली १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. पोस्टस्क्रिप्ट भाषेतील मजकूर वाचून तो पडद्यावर दाखवणे, साध्या प्रिंटरवर छापणे आणि पुढे पीडीएफमध्ये रूपांतरित करणे ही तिची कामे. आज आर्टिफेक्स सॉफ्टवेअर ही कंपनी तिची देखभाल करते.

यामुळे आभासी प्रिंटरची जुळणी सोपी झाली. विंडोजमध्ये पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर होताच. त्याच्याकडून निघालेले पोस्टस्क्रिप्ट पोर्टवर अडवायचे, घोस्टस्क्रिप्टच्या हाती द्यायचे आणि मिळालेली पीडीएफ फाइल वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ठेवायची, एवढीच कृती उरली. लिनक्सवर ‘कप्स’ या छपाई यंत्रणेला जोडून चालणारी ‘कप्स-पीडीएफ’ ही आज्ञावली याच मार्गाने काम करते.

घोस्टस्क्रिप्टच्या परवान्याचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. दीर्घकाळ तिची ताजी आवृत्ती व्यापारी वितरणास मनाई करणाऱ्या परवान्याखाली, तर जुनी आवृत्ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळत असे. २००६ पासून ताजी आवृत्तीही जीपीएलखाली येऊ लागली आणि २०१३ पासून तिला अधिक कडक असा एजीपीएल परवाना लागू झाला. ज्यांना आपल्या आज्ञावलीचा स्रोत खुला न करता घोस्टस्क्रिप्ट वापरायची आहे, त्यांना स्वतंत्र व्यापारी परवाना घ्यावा लागतो.

गाजलेले पर्याय

पीडीएफक्रिएटर : फिलिप चिनरी आणि फ्रँक हाइनडॉर्फर यांनी सुरू केलेली ही आज्ञावली पुढे जर्मनीतील पीडीएफफोर्ज या कंपनीने वाढवली. सोर्सफोर्ज या मुक्त स्रोत प्रकल्पांच्या भांडारातून तिचा मोठा प्रसार झाला. अनेक छपाईकामे रांगेत थांबवून त्यांची एकच फाइल करणे, फाइलीला परवलीचा शब्द लावणे, ठरावीक नावाने आपोआप साठवणे आणि कार्यालयातील इतर संगणकांना जाळ्यातून हा प्रिंटर वापरू देणे या सोयींमुळे ती कार्यालयांत रुळली.

क्यूटपीडीएफ रायटर : अमेरिकेतील ॲक्रो सॉफ्टवेअरची ही आज्ञावली आकाराने लहान आणि वापरास सुटसुटीत म्हणून ओळखली जाते. ‘प्रिंट’ म्हणावे आणि नाव द्यावे, इतकीच तिची कृती. रूपांतराचे काम करणारा घोस्टस्क्रिप्टसारखा घटक तिला वेगळा पुरवावा लागे. तो न बसवल्यास प्रिंटर यादीत दिसे, पण फाइल तयार होत नसे.

प्रायमोपीडीएफ : पडद्यावर पाहण्यासाठी, घरी छापण्यासाठी किंवा छापखान्यासाठी असे तयार पर्याय समोर ठेवल्यामुळे नवख्या वापरकर्त्यांना ही आज्ञावली सोयीची वाटे.

डूपीडीएफ : रुमेनियातील सॉफ्टलँड या कंपनीची ही आज्ञावली घोस्टस्क्रिप्टवर अवलंबून नाही. रूपांतराची यंत्रणा तिची स्वतःची आहे.

पीडीएफ९९५ : हिच्या नावातच किंमत दडलेली आहे. मोफत वापरणाऱ्यास प्रायोजकांच्या जाहिराती पाहाव्या लागत; त्या नको असल्यास ९ डॉलर ९५ सेंट मोजावे लागत.

बुलझिप पीडीएफ प्रिंटर : पानांवर पार्श्वचिन्ह उमटवणे, फाइलीवर बंधने घालणे अशा सोयी हिच्यात आहेत. व्यापारी वापरासाठी मात्र वापरकर्त्यांच्या संख्येची मर्यादा घालण्यात आली.

मोफत आणि मुक्त

इंग्रजीत ज्या दोन कल्पनांसाठी एकच शब्द वापरला जातो, त्यांसाठी मराठीत दोन वेगळे शब्द आहेत ही सोयीची गोष्ट आहे. ‘मोफत’ म्हणजे पैसे पडत नाहीत. ‘मुक्त’ म्हणजे आज्ञावलीचा स्रोत पाहण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य आहे. घोस्टस्क्रिप्ट मुक्त आहे. वर दिलेल्या यादीतील काही आज्ञावली केवळ मोफत आहेत. त्यांचा स्रोत बंद आहे आणि त्यांचा मोफतपणा निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून आहे. एखाद्या आवृत्तीपर्यंत कार्यालयीन वापरास मोफत असलेली आज्ञावली पुढच्या आवृत्तीत फक्त घरगुती वापरास मोफत असू शकते. त्यामुळे कार्यालयात बसवण्यापूर्वी त्या आवृत्तीच्या परवान्यातील अटी वाचणे इष्ट ठरते.

मोफतपणाची किंमत कधी वेगळ्या मार्गानेही वसूल होत असे. २००० च्या दशकात अनेक मोफत आज्ञावली बसवताना ब्राउझरमध्ये नको असलेली पट्टी बसे, मुखपृष्ठ बदले किंवा भलतीच शोधयंत्रणा लागू होई. हे टाळण्यासाठी आज्ञावली तिच्या निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावी, ‘पुढे’ या बटनावर घाईने टिचक्या न मारता प्रत्येक पायरी वाचावी आणि आधीच भरून ठेवलेल्या अनावश्यक चौकोनांतील खुणा काढून टाकाव्यात.

सुरक्षिततेचा भागही दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रिंटर ड्रायव्हरला संगणकात बरेच अधिकार असतात. २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने ओळखली गेलेली गंभीर त्रुटी उघड झाली. घोस्टस्क्रिप्टमध्येही २०२३ आणि २०२४ मध्ये गंभीर त्रुटी सापडल्या व नव्या आवृत्त्यांत दुरुस्त झाल्या. जुन्या आभासी प्रिंटरच्या पोटात जुनी घोस्टस्क्रिप्ट असते, हे लक्षात घेता वर्षानुवर्षे अद्ययावत न झालेली आज्ञावली काढून टाकणेच हिताचे.

सोय आली प्रणालीतच

ॲपलच्या मॅक ओएस टेन या प्रणालीत २००१ पासून छपाईच्या चौकटीतच पीडीएफ साठवण्याची सोय आली, कारण त्या प्रणालीची चित्रण यंत्रणाच पीडीएफच्या धर्तीवर रचलेली होती. ओपनऑफिस डॉट ऑर्ग या मुक्त कार्यालयीन संचात २००३ मधील १.१ या आवृत्तीपासून थेट पीडीएफ निर्यात करता येऊ लागली.

विंडोजवर मात्र बराच काळ थांबावे लागले. ऑफिस २००७ मध्ये ही सोय अंगभूत देण्याचा मायक्रोसॉफ्टचा बेत होता. ॲडोबीच्या हरकतीनंतर ती वेगळ्या जोडणीच्या रूपाने द्यावी लागली आणि २००९ मधील दुसऱ्या सुधारणा संचात ती समाविष्ट झाली. विंडोज व्हिस्टामध्ये आभासी प्रिंटर आला, पण तो पीडीएफऐवजी एक्सपीएस या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या प्रकारातील फाइल तयार करी. अखेर २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा प्रिंटर प्रणालीचा भाग झाला. क्रोमसारख्या ब्राउझरांत आणि २०१३ मधील ४.४ या आवृत्तीपासून अँड्रॉइड फोनमध्येही छपाईच्या चौकटीत पीडीएफ साठवण्याचा पर्याय मिळतो.

त्यामुळे साध्या कामासाठी आज वेगळा आभासी प्रिंटर बसवण्याची गरज उरलेली नाही. अनेक कामे एकत्र करणे, आपोआप नाव देणे, परवलीचा शब्द लावणे, पार्श्वचिन्ह उमटवणे किंवा कार्यालयातील अनेकांनी एकच प्रिंटर वापरणे अशा विशेष गरजांसाठीच स्वतंत्र आज्ञावलीचा विचार करावा.

मराठी मजकुराचे काय होते?

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येथे येतो. संगणकावरील मराठी दीर्घकाळ युनिकोडविना चालली. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्यातीलच सी-डॅकचे फाँट, शिवाजी, कृतिदेव अशा अनेक संचांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची वळणे बसवलेली होती. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला की संगणकाच्या लेखी तेथे ई, जे, के, मोठ्या लिपीतील बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे असतात. डोळ्यांना मराठी दिसते ती केवळ फाँटमुळे. प्रत्येक संचाची बैठक निराळी असल्याने एका संचातील मजकूर दुसऱ्यात निरर्थक ठरतो.

आभासी प्रिंटरने यातील अर्धा प्रश्न सोडवला. फाँट पीडीएफमध्ये अंतर्भूत झाला की पान कुठेही मराठीतच दिसते. उरलेला अर्धा प्रश्न तसाच राहिला. फाइलीतील मजकूर अजूनही ती पाच रोमन अक्षरेच असतो. अशा फाइलीत ‘मराठी’ हा शब्द शोधल्यास तो सापडत नाही. गूगलच्या शोधात २००१ पासून पीडीएफ फाइलींचाही समावेश झाला. पण असे दस्तऐवज मराठी शब्दांच्या शोधात पुढे येत नाहीत. दृष्टिहीन वाचकांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीही तेथे निरुपयोगी ठरतात.

युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर यातून आपोआप सुटतो असे नाही. याचे कारण फाँटच्या कार्यपद्धतीत आहे. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्यावा. युनिकोडच्या क्रमात आधी ‘व’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी येते. पानावर मात्र वेलांटी ‘व’च्या आधी काढली जाते. ‘द्य’साठी फाँटमध्ये एकच जोडाक्षरी आकृती असू शकते. रफाराचा ‘र’ क्रमाने ‘थ’च्या आधी येतो, पण त्याची खूण नंतर, अक्षराच्या डोक्यावर उमटते. प्रिंटरला फक्त आकृत्या आणि त्यांच्या जागा कळवाव्या लागतात. त्या आकृत्या कोणत्या अक्षरांपासून घडल्या, हे सांगण्याची छपाईत गरज नसते. कागदासाठी हे पुरेसे आहे. पीडीएफमध्ये मात्र मूळ अक्षरांची नोंद हरवली की तो मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवताच वेलांट्या भलत्या जागी जातात, जोडाक्षरे गळतात आणि शब्द ओळखू येत नाही.

ही नोंद जपण्याची सोय पीडीएफच्या रचनेत आहे. कोणती आकृती म्हणजे कोणते अक्षर हे सांगणारे कोष्टक फाइलीत ठेवता येते आणि एखाद्या आकृतिसमूहामागचा खरा मजकूर स्वतंत्रपणे नोंदवता येतो. परंतु पोस्टस्क्रिप्टमार्गे जाणाऱ्या आभासी प्रिंटरपर्यंत ही माहिती अनेकदा पोहोचतच नाही. मूळ आज्ञावलीतील थेट ‘निर्यात’ किंवा ‘पीडीएफ म्हणून साठवा’ हा पर्याय तुलनेने बरा ठरतो, कारण मूळ अक्षरे त्या आज्ञावलीच्या हाताशी असतात.

फाइल सुदृढ आहे की नाही हे तपासण्याची कसोटी सोपी आहे. तयार झालेली पीडीएफ उघडावी, ‘विद्यार्थी’, ‘निर्णय’, ‘क्षेत्र’ असे वेलांटी, रफार व जोडाक्षरे असलेले शब्द त्यात शोधून पाहावेत. एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवावा. मजकूर शुद्ध उतरला तर फाइल वाचण्याजोगी आणि शोधण्याजोगीही आहे. तसा न उतरल्यास ती केवळ पाहण्याजोगी आहे, असे समजावे.

छपाईत आणखी काय हरवते?

आभासी छपाई ही शेवटी छपाई असल्याने कागदावर न उमटणारे सारे काही तिच्यात गळून पडते. संकेतस्थळांचे दुवे चालेनासे होतात, अनुक्रमणिकेवरून प्रकरणाकडे जाण्याची सोय जाते, शीर्षक कोणते व परिच्छेद कोणता हे सांगणाऱ्या खुणा नाहीशा होतात.

यात सर्वांत मोठी गफलत डिजिटल स्वाक्षरीबाबत होते. महाराष्ट्रात सातबारा उतारा डिजिटल स्वाक्षरीसह पीडीएफ स्वरूपात मिळतो. आधारची ई-प्रतही डिजिटल स्वाक्षरी असलेली पीडीएफ असते. स्वाक्षरीची सत्यता त्या फाइलीतील माहितीशी गणिताने जोडलेली असते. परवलीचा शब्द नको किंवा फाइल लहान हवी म्हणून असा दस्तऐवज उघडून पुन्हा आभासी प्रिंटरने ‘छापला’, तर नव्या फाइलीत स्वाक्षरीचे केवळ चित्र उरते. डोळ्यांना दोन्ही फाइली सारख्याच दिसतात. संगणकीय पडताळणीत दुसरी टिकत नाही. म्हणून स्वाक्षरीत फाइल जशी मिळाली तशीच जपावी आणि तशीच पुढे पाठवावी.

याच्या उलट, जे नाहीसे झाले असे वाटते ते कधी शिल्लक राहते. मजकुरावर काळी पट्टी ओढून केलेली पीडीएफ हे त्याचे उदाहरण. पट्टीखालची अक्षरे फाइलीत तशीच असू शकतात. २००५ मध्ये इटालियन अधिकारी निकोला कॅलिपारी यांच्या इराकमधील मृत्यूविषयीचा अमेरिकी लष्कराचा अहवाल अशाच काळ्या पट्ट्यांसह प्रसिद्ध झाला. पट्टीखालील मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवताच तो वाचता आला. गोपनीय भाग मूळ फाइलीतूनच पुसून टाकावा आणि मगच पीडीएफ करावी.

वापरताना घ्यावयाची काळजी

कागदाचा आकार : अनेक आज्ञावलींत अमेरिकी ‘लेटर’ हा २१६ बाय २७९ मिलिमीटरचा आकार आधीच निवडलेला असतो. भारतात २१० बाय २९७ मिलिमीटरचा ए-४ प्रचलित आहे. आकार न बदलल्यास समास बिघडतात किंवा तळाची ओळ कापली जाते.

फाँट : ‘सर्व फाँट अंतर्भूत करा’ हा पर्याय चालू असावा. मराठीसाठी तो अपरिहार्यच आहे. काही फाँटचे परवाने अंतर्भूत करण्यास मनाई करतात. तसे असल्यास फाँट बदलावा.

चित्रांची सूक्ष्मता : घोस्टस्क्रिप्टवर आधारित आज्ञावलींत ‘स्क्रीन’, ‘ईबुक’, ‘प्रिंटर’ व ‘प्रीप्रेस’ असे ठरावीक पर्याय आढळतात. पहिल्यात चित्रे दर इंचास ७२ ठिपक्यांवर, दुसऱ्यात १५० वर आणि शेवटच्या दोहोंत ३०० वर आणली जातात. ई-मेलसाठी ‘ईबुक’ पुरेसा होतो. छापखान्याकडे जाणाऱ्या फाइलीसाठी शेवटचा पर्याय निवडावा.

जतन : वर्षानुवर्षे ठेवायच्या कागदपत्रांसाठी पीडीएफ/ए हा पर्याय उपलब्ध असल्यास तो निवडावा.

आभासी छपाईचा काही ठिकाणी अजूनही उत्तम उपयोग होतो. निर्यातीची सोय नसलेल्या जुन्या हिशेबी आज्ञावलीचे अहवाल, संकेतस्थळावर भरलेल्या शुल्काची पावती, मोठ्या पीडीएफमधून नेमकी तीन पाने वेगळी काढणे, एका कागदावर दोन पाने बसवणे, ही तिची खास कामे होत.

मूळ फाइल हाच ठेवा

संस्थांचे अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंक, ग्रामपंचायतींचे ठराव असे कितीतरी मराठी साहित्य जुन्या फाँटमध्ये तयार होऊन पीडीएफच्या रूपाने साठवले गेले. मूळ फाइली बहुधा पुसल्या गेल्या, कारण पीडीएफ हातात आहे म्हणजे सारे सुरक्षित आहे असा समज होता. पाने सुरक्षित राहिली. मजकूर मात्र शोधाच्या आणि पुनर्वापराच्या आवाक्याबाहेर गेला.

अशा फाइलींसाठी दोन मार्ग उरतात. फाँट ओळखता आल्यास त्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकांचा वापर करता येतो. तो न ओळखता आल्यास पानाचे चित्र वाचून अक्षरे ओळखणारी यंत्रणा वापरावी लागते. टेसरॅक्ट ही मुक्त आज्ञावली मराठी वाचते आणि तिच्या आधारे चालणारी ‘ओसीआरमायपीडीएफ’ ही मुक्त आज्ञावली जुन्या पानांमागे शोधता येण्याजोगा मजकुराचा थर जोडते. ओळखण्यात चुका राहतात. म्हणून मुद्रितशोधन करावेच लागते.

नव्या कामासाठी वाट सोपी आहे. मजकूर युनिकोडमध्ये लिहावा, शक्य तेथे आभासी प्रिंटरऐवजी थेट निर्यात वापरावी, तयार फाइलीत एखादा शब्द शोधून पाहावा आणि मूळ फाइल पीडीएफच्या शेजारीच जपून ठेवावी. लिबरऑफिसमध्ये मूळ फाइल पीडीएफच्या पोटातच ठेवणारी ‘हायब्रिड पीडीएफ’ची सोयही मोफत मिळते. आभासी प्रिंटरने वाचलेला कागद हा लाभ मोठा आहेच. त्यासोबत त्या पानावरचे शब्दही शोधता आले, तरच उद्याच्या वाचकाला त्या फाइलीचा खरा उपयोग होईल.